रिपोर्टातला लांबलचक शब्द फोडायचा कसा

माझ्या मामांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माइल्ड हेपॅटोस्प्लेनोमेगॅली'. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी भेटणार होते. रात्री साडेदहाला मामींचा फोन आला, "अगं, काहीतरी मोठ्ठं नाव लिहिलंय, हे जेवलेसुद्धा नाहीत." मी म्हटलं, मामी, एकेक अक्षर सांगा. त्या सांगत गेल्या, मी वहीत उतरवत गेले आणि मग उभ्या रेघा मारून शब्दाचे तीन तुकडे केले. हेपॅट म्हणजे यकृत, स्प्लेन म्हणजे प्लीहा, आपली पाणथरी, मेगॅली म्हणजे मोठं होणं. माइल्ड म्हणजे थोडंसं. मामांना आधीचे दहा दिवस ताप होता. अंगात मोठा ताप मुरला की यकृत आणि पाणथरी थोडी सुजणं नवलाचं नाही, हे ऐकल्यावर मामा दूधभात जेवून झोपले. सकाळी डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला.

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवते. बहुतेक मुली तालुक्याच्या गावांतून, मराठी माध्यमातून आलेल्या. पहिल्या महिन्यात त्या हे शब्द पाढ्यांसारखे पाठ करायला जातात आणि रडकुंडीला येतात. पण हे शब्द पाठ करायचे नसतात, फोडायचे असतात. 'लंबोदर' पाठ करावा लागतो का? लंब आणि उदर कळलं की झालं. वैद्यकातले शब्द अगदी असेच समास आहेत. चाळीस-पन्नास तुकडे ओळखीचे झाले की शेकडो शब्द आपोआप उघडतात. मराठी येणाऱ्याला तर यातले बरेच तुकडे आधीच येत असतात, फक्त ओळख पटलेली नसते.

आधी नकार शोधा

शब्द फोडण्याआधी त्याच्या अलीकडे काय लिहिलंय ते बघा. सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या रिपोर्टात बरीचशी भयानक नावं ही तुम्हाला नसलेल्या आजारांची असतात. 'नो हायड्रोनेफ्रोसिस', 'नो एव्हिडन्स ऑफ...', 'विदाउट', 'निल', 'अॅबसेंट' यांपैकी काही दिसलं की पुढचं नाव कितीही लांब असो, ते नाही असं सांगितलेलं आहे. 'अनरिमार्केबल' या शब्दाने मी माणसं घाबरलेली पाहिली आहेत. त्याचा अर्थ नोंद घेण्यासारखं काही आढळलं नाही, म्हणजे चांगली बातमी. 'निगेटिव्ह' हेही तपासणीत बहुतेक वेळा चांगलंच असतं. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक नकाराखाली रेघ मारा. उरलेले शब्दच फोडायचे.

शब्द नीट उतरवा आणि सांधा शोधा

हस्ताक्षरातून वाचत असाल तर अंदाज करू नका, औषधाच्या दुकानात किंवा सिस्टरांना विचारून शब्द अक्षर न् अक्षर लिहून घ्या. मग मोठ्याने वाचा. मध्ये कुठेतरी 'ओ' ऐकू येईल. हेपॅट-ओ-स्प्लेन-ओ-मेगॅली. हा 'ओ' म्हणजे दोन तुकडे जोडणारी खीळ आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही. पुढचा तुकडा स्वराने सुरू झाला की तो गळतो, म्हणून गॅस्ट्र-ओ-स्कोपी, पण गॅस्ट्र-आयटिस. आपल्या संधीसारखाच व्यवहार. रेघ मारायची ती या 'ओ'च्या मागेपुढे.

शेपटाकडून वाचायला सुरुवात करा

शब्द लिहिला डावीकडून असला तरी अर्थ उजवीकडून लागतो. शेवटचा तुकडा सांगतो काय झालंय किंवा काय केलंय. कुठे झालंय ते त्याच्या आधीच्या तुकड्यात असतं.

'आयटिस' म्हणजे दाह, सूज. मराठी कोशांत याला 'शोथ' म्हणतात. ग्रीकमध्ये हे मुळात 'चा, ची' अशा अर्थाचं विशेषण होतं. 'आर्थ्रायटिस नोसोस' म्हणजे सांध्यांचा आजार. पुढे 'नोसोस' गळून पडलं आणि दाहाचा अर्थ शेपटालाच चिकटला. 'ओसिस' म्हणजे नुसती अवस्था, तिथे सूज असेलच असं नाही. 'पथी' म्हणजे त्या अवयवाचा विकार, 'अॅल्जिया' म्हणजे दुखणं, 'ईमिया' म्हणजे रक्तात, 'युरिया' म्हणजे लघवीत. हीमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त.

'पीनिया' हा माझा आवडता तुकडा. ग्रीकमध्ये पीनिया म्हणजे गरिबी. डेंग्यूच्या दिवसांत ज्या थ्रॉम्बोसायटोपीनियाने घरोघरी धास्ती बसते, त्याची फोड अशी : थ्रॉम्बस म्हणजे गुठळी, साइट म्हणजे पेशी, पीनिया म्हणजे वानवा. रक्त गोठवणाऱ्या पेशींची, म्हणजे प्लेटलेटची, वानवा. शब्दात तेवढंच आहे. किती वानवा हे शेजारच्या आकड्यावरून आणि डॉक्टरांकडूनच कळणार. शब्द आजाराचं नाव सांगतो, त्याची तीव्रता सांगत नाही, म्हणून नाव कळलं या जोरावर औषध बदलू नका.

'ओमा' दिसलं की लोक थेट कॅन्सर म्हणतात, ते खरं नाही. ओमा म्हणजे बहुतेक ठिकाणी गाठ किंवा साचलेला गोळा. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ असते, हीमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात तर गाठच नाही. 'ग्लॉकोस' म्हणजे निळसर-करडा रंग, आणि तो आजार म्हणजे आपला काचबिंदू. कार्सिनोमा आणि सार्कोमा हे मात्र खरोखर कॅन्सरचे शब्द. कार्सिनोमातला 'कार्किनोस' म्हणजे खेकडा. त्याचं संस्कृतातलं भावंड 'कर्कट', आणि तोच खेकडा आपल्या 'कर्करोगा'त बसलाय.

ऑपरेशनच्या तीन शेपट्यांवर मात्र थांबा, कारण एका अक्षराने अवयव आत राहिला की बाहेर गेला हे ठरतं. 'टोमी' म्हणजे चिरणं, उघडणं. 'एक्टोमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. 'ऑस्टोमी' म्हणजे नवं तोंड करणं, जसं ट्रॅकिऑस्टोमीत श्वासनळीला गळ्यावर भोक ठेवतात. हिस्टेरेक्टोमी म्हणजे गर्भाशय काढणं, बायका ज्याला 'पिशवी काढली' म्हणतात ते.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यात गाजला, सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. मला भेटलेल्या कितीतरी बायकांना आपली पिशवी काढली एवढंच माहीत असतं, अंडाशयं ठेवली की काढली हे माहीत नसतं. ते कार्डावर लिहिलेलं असतं. 'टीएएच' एवढंच असेल तर पोटावाटे गर्भाशय काढलंय. पुढे 'बीएसओ' असेल तर बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टोमी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. साल्पिंक्स म्हणजे तुतारी, नळीचा आकार तसा दिसतो म्हणून. ऊफोरॉन म्हणजे अंडं धारण करणारं. पाळी चालू असताना अंडाशयं गेली की पाळी जाण्याची लक्षणं लगेच सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, पुढचे उपचार बदलतात. म्हणून घरातल्या आईचं, काकूचं, वहिनीचं जुनं कार्ड ट्रंकेतून काढा आणि हे दोन शब्द बघा.

मग डोकं बघा, ते आपल्याच घरातलं आहे

शब्दाच्या सुरुवातीचे उपसर्ग मराठी शाळेत शिकलेल्याला फुकट मिळतात. 'अशक्त'मध्ये अ, पण 'अनावश्यक'मध्ये अन्, कारण पुढे स्वर आहे. ग्रीकमध्ये हाच नियम जसाच्या तसा आहे. असेप्टिकमध्ये नुसता अ, अॅनिमियात अन्. 'हैमा' म्हणजे रक्त, त्यातला ह गळला, अन् जोडला गेला, आणि झालं रक्त नसणं, कमी असणं. आपला 'दुस्, दुर्' तिकडे 'डिस' होतो. आपण पचनाला ज्या 'पच्' धातूने ओळखतो त्याचा भाऊ 'पेप्', म्हणून डिस्पेप्सिया म्हणजे अक्षरशः दुष्पचन. आपलं 'परि' तिकडे 'पेरी' आहे, म्हणून हृदयाभोवतीचं वेष्टण पेरिकार्डियम, ज्याला मराठीत परिहृद म्हणतात.

'हायपर' आणि 'हायपो' यांत गल्लत झाली तर जिवावर बेतू शकतं. हायपर म्हणजे 'उपरि', ज्यातून आपलं 'वर' आलं. हायपो म्हणजे 'उप', खालचं, दुय्यम, जसा उपसरपंच. हायपरग्लायसीमिया म्हणजे साखर वर गेली, हायपोग्लायसीमिया म्हणजे साखर खाली गेली. दोन्हींचे उपचार उलटे आहेत. मी वर्गात फळ्यावर 'हायपर'चा 'र' आणि 'वर'चा 'र' एकाखाली एक लिहिते. 'र' ऐकू आला की वर. परीक्षेतही उपयोगी पडतं आणि वॉर्डातही.

मधला अवयव ओळखा

एकेका अवयवाला दोन नावं असतात, एक ग्रीक, एक लॅटिन. मूत्रपिंड ग्रीकमध्ये 'नेफ्रोस', लॅटिनमध्ये 'रेन', म्हणून आजार नेफ्रायटिस, पण तपासणी रीनल फंक्शन टेस्ट. फुप्फुसाचा आजार न्यूमोनिया, पण विभागाचं नाव पल्मनरी. त्वचेचा डर्मॅटायटिस, पण इंजेक्शन सबक्यूटेनियस. ढोबळ मानाने, आजार आणि ऑपरेशन ग्रीक बोलतात, अवयवाचं साधं विशेषण लॅटिन बोलतं.

आता मामांच्या शब्दाकडे परत जाऊ. हेपार आणि यकृत ही सख्खी भावंडं आहेत, प्राचीन भाषेतला 'य' ग्रीकमध्ये 'ह' झाला. स्प्लेन आणि प्लीहा भावंडं. मेगा आणि महा भावंडं. म्हणजे ज्या शब्दाने मामा जेवले नव्हते त्याचा प्रत्येक तुकडा 'यकृत-प्लीहा-महा' असा वाचता येतो. अशी आणखी किती तरी आहेत. ऑस्टिऑन आणि अस्थि. गोनू आणि जानू, म्हणजे गुडघा. कार्डिया आणि हृद्. एंटेरॉन आणि आंत्र, ज्याचं आपण आतडं केलं, म्हणून डिसेंट्री म्हणजे बिघडलेलं आतडं. डायरियातलं 'रिया' म्हणजे वाहणं, त्याचं भावंड 'स्रव'.

संस्कृतात जिथे 'स' असतो तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा 'ह' असतो, हे लक्षात ठेवलं तर आणखी दारं उघडतात. सप्त आणि हेप्टा. स्वप्न आणि हिप्नोस, म्हणून झोपेच्या औषधाला हिप्नॉटिक म्हणतात. आणि सर्प आणि हर्पीस! हर्पीस म्हणजे सरपटणारं. कमरेवर पट्ट्यासारखे फोड येतात त्या हर्पीस झोस्टरला आपल्या आजीने 'नागीण' म्हटलं, ग्रीक वैद्यानेही सरपटणंच पाहिलं. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो ही समजूत मात्र सोडून द्या. कांजिण्यांचाच विषाणू एका बाजूच्या मज्जातंतूत दडून राहिलेला असतो आणि त्याच वाटेने बाहेर येतो, म्हणून फोड सहसा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतात.

एक इशारा. ही साम्यं पाहून 'सगळे शब्द संस्कृतातूनच गेले' असे संदेश फिरतात. तसं नाही. 1786 मध्ये भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सने कोलकात्यात मांडलं ते असं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात. या बहिणी आहेत, आई-मुली नाहीत.

शब्द जुना, समज बदललेली

फोड बरोबर असूनही अर्थ चुकेल अशा काही जागा आहेत. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. दलदलीच्या हवेने ताप येतो असं तेव्हा वाटायचं. 1897 मध्ये ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात त्याचे जंतू पाहिले, तरी नाव तेच राहिलं. 'आर्टेरिया' हा शब्द ग्रीक लोक श्वासनळीलाही वापरत, कारण प्रेतात रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या, रिकाम्या सापडायच्या आणि त्यांतून हवा वाहते असा समज होता. 'ट्रॅकिया' म्हणजे खरखरीत, ते 'खरखरीत आर्टेरिया'चं उरलेलं विशेषण. कोलेस्टेरॉल म्हणजे घट्ट पित्त, कारण ते आधी पित्ताच्या खड्यांत सापडलं. ऑर्थोपेडिकमध्ये हाड कुठेच नाही. ऑर्थो म्हणजे सरळ, आणि पेड इथे पाय नसून मूल आहे. मुलांची वेडीवाकडी वाढ सरळ करण्यावर फ्रेंच डॉक्टर निकोला आंद्रीने 1741 मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात हा शब्द आला. आपला 'अस्थिरोगतज्ज्ञ' आजच्या कामाला जास्त नेमका आहे असं मला वाटतं.

मराठी शब्दही तपासून घ्या

इंटरनेटवर हिंदीतली माहिती वाचणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. मराठीत पेशी म्हणजे सेल, स्नायू म्हणजे मसल. हिंदीत सेल म्हणजे कोशिका, पेशी म्हणजे मसल, आणि स्नायू हा शब्द मज्जातंतूंसाठी वापरतात. म्हणजे अक्षरं तीच, अवयव वेगळा. 'काळीज' आपण हृदय समजतो, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृतच मिळतं.

'नस' हा तर सगळ्यात फसवा शब्द. 'नस दबली' म्हणतो तेव्हा मज्जातंतू, 'पायाच्या नसा फुगल्या' म्हणतो तेव्हा नीला, 'मेंदूची नस फुटली' म्हणतो तेव्हा रोहिणी. डॉक्टर 'नसेचा त्रास आहे' म्हणाले तर सरळ विचारा, रक्ताची नस की संवेदनेची? एका प्रश्नाने पुढचा सगळा गोंधळ टळतो.

चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरं

बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, त्यातलं 'बिस' हे आपल्या द्विचं भावंड. टीडीएस म्हणजे तीनदा, 'टेर' आणि त्रि. एचएस म्हणजे झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच. एसओएस म्हणजे संकट नव्हे, 'गरज पडली तर'. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण चष्म्याच्या किंवा डोळ्याच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा, ऑक्युलस डेक्स्टर. ऑक्युलस आणि अक्षि, डेक्स्टर आणि दक्षिण. डाव्यासाठी ओएस. डोळ्याच्या थेंबांच्या चिठ्ठीवर नुसतं ओडी लिहिलं असेल तर कोणता अर्थ आहे ते विचारल्याशिवाय थेंब घालू नका.

आता हात बसवायचा

एक वही करा. पानावर तीन रकाने पाडा, डोकं, धड, शेपूट. घरातल्या फायलीतला रोज एकच शब्द घ्या, उभ्या रेघा मारून तुकडे त्या त्या रकान्यात लिहा, आणि खाली स्वतःच्या मराठीत एक ओळ लिहा. कोशातली ओळ नको, आईला सांगाल तशी. माझ्या मुली पंधरा दिवसांत न अडखळता वाचायला लागतात.

सरावाला चार शब्द देते. ब्रॅडिकार्डिया : ब्रॅडि म्हणजे मंद, हृदयाचे ठोके कमी पडणं. पॅनसायटोपीनिया : पॅन म्हणजे सगळं, म्हणजे रक्तातल्या सगळ्या प्रकारच्या पेशींची वानवा. ऑस्टिओमायलायटिस : अस्थि, मायलोस म्हणजे मगज, आयटिस म्हणजे दाह, तेव्हा हाड आणि त्याच्या मगजाचा दाह.

चौथा, पोलिओमायलायटिस. इथेही मायलोस आहे, पण हा हाडाचा मगज नव्हे, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. त्या काळच्या लोकांना दोन्ही मगजच वाटले, म्हणून आजही मायलो दिसला की हाड की मज्जारज्जू हे संदर्भाने ठरवावं लागतं. आणि 'पोलिओस' म्हणजे करडा, पिकलेल्या केसांचा रंग. संस्कृतात पिकलेल्या केसांना 'पलित' म्हणतात, तेच हे भावंड. मज्जारज्जूच्या आतल्या करड्या भागात, समोरच्या बाजूला, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी असतात. विषाणू नेमक्या त्या मारतो, म्हणून पाय लुळा पडतो, पण चिमटा काढला तर मुलाला कळतो.